दोन छोटे की एक मोठा

मी वकिलांच्या दिवाणखान्यात हातापायांवर रांगत होतो, आणि खिडकीपासून चौथ्या फरशीवर पोचलो तेव्हा आवाज गेला. गेला म्हणजे बंद पडला नाही. तळहातांखाली फरशी थरथरत होती, ती थरथर मनगटातून कोपरापर्यंत येत होती, मागे सोफ्यावर बसवलेला काळा डबा आपलं काम इमानाने करत होता. कानात मात्र काही नव्हतं. भिंतीवरच्या स्पीकरांतले वरचे स्वर होते, गाण्यातली बाई गात होती, काहीतरी किणकिणत होतं, पण तळ नव्हता. मी मान उजवीकडे वळवली. लांबून, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावं तेवढं काहीतरी आलं. मान सरळ केली, तेही गेलं. पुन्हा वळवली, पुन्हा सरळ केली. छप्पन्न वर्षांचा माणूस, परक्या घरात, ढुंगण वर करून मान हलवतोय, कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असा विचार आला आणि मग आठवलं की पाहणारे आहेतच. वकीलसाहेब आणि त्यांची बायको ओट्याला टेकून उभे होते, हातात चहाचे कप, आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक असतात तसे दोघं गप्प होते. "सापडली का जागा?" वकिलांनी हळूच विचारलं. मी हात वर करून त्यांना थांबवलं. हे मला छान जमतं. सत्तावीस वर्षं लोकांना मी असाच एका हाताने गप्प करत आलोय.

आमच्या धंद्यात याला रांगणं म्हणतात. सबवूफर म्हणजे फक्त खर्ज देणारा डबा, ज्याचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त लागतो तो. हा डबा खोलीत कुठेही ठेवून चालत नाही. एका कोपऱ्यात तो घुमतो, दुसऱ्या कोपऱ्यात मुका होतो. मग करायचं काय, तर उलटं करायचं. माणूस जिथे बसणार तिथे डबा बसवायचा, गाणं लावायचं, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत जायचं. जिथे खर्ज गोल आणि एकसारखा ऐकू येईल तिथे खडूने फुली मारायची. डबा त्या फुलीवर ठेवला की सोफ्यावर बसणाऱ्याला तस्साच ऐकू येतो. का येतो ते मला विचारू नका. माझा मेहुणा सांगतो, लाटा, भिंती, छताची उंची, कागदावर रेघा काढून दाखवतो. मी ऐकून घेतो आणि सोडून देतो. मला ज्याने शिकवलं तो एका जुन्या चित्रपटगृहात आवाजाच्या खोलीत बसायचा, चौथी नापास माणूस, पण रिकाम्या सभागृहात मला मधोमध बसवून विचारायचा, "पंखे किती चालू आहेत?" मी मोजायला वर बघितलं की टपली मारायचा. डोळे मिटून मोज. तीन महिन्यांत मी पंख्यांचा आकडा सांगायला लागलो, सहा महिन्यांत कुठला पंखा आहे तेही. तेव्हापासून मला या गावातले लोक नावाने हाक मारत नाहीत. कान म्हणतात. "कानाला बोलवा." "कान काय म्हणतोय?" दुकानाच्या पाटीवर मेहुण्याचं आणि माझं नाव आहे, पण ती पाटी कोण वाचतं?

वकिलांची ही खोली म्हणजे पूर्वीच्या चार खोल्या होत्या. त्यांनी मधल्या भिंती पाडल्या. आता दारातून आत आलं की बसायची जागा, पुढे जेवणाचं टेबल, त्याच्या पुढे स्वयंपाकघराचा ओटा, आणि उजवीकडून एक उघडा जिना वर जातो, त्याला दार नाही, पडदा नाही, काही नाही. वकिलीणबाईंनी मला अभिमानाने सांगितलं होतं की आता घरात कुणी कुणापासून लपू शकत नाही. अशा खोलीत खर्ज म्हणजे गच्चीवर ओतलेलं पाणी. कुठे पसरेल, कुठे तुंबेल, कुठून गळेल, सांगता येत नाही. म्हणूनच आम्ही सकाळी गाडीतून तीन डबे आणले होते. एक मोठा, दोन माणसांना उचलायला लागतो असा, खाली हवेचं भोक असलेला. आणि दोन छोटे, चारी बाजूंनी बंद. एक मोठा की दोन छोटे, एवढाच प्रश्न होता. शिकाऊ माणूससुद्धा सांगेल की भिंती नसलेल्या खोलीत दोन छोटे समोरासमोर ठेवावेत, एक जिथे मुका होतो तिथे दुसरा बोलतो. मेहुण्याने गाडीतच दोनदा म्हणून पाहिलं होतं, "भावोजी, छोटे आधी लावून बघू या का?" आणि मी दोनदा म्हणालो होतो, "मोठा." कारण आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, छोटे डबे मी आदल्या दिवशी दुकानात लावून पाहिले होते आणि मला ते लागलेच नव्हते. मोठा लागत होता. कानाला नाही, तळव्याला. पण कुठेतरी लागत होता.

डॉक्टरीणबाईंना भेटून तीन आठवडे झाले होते. काचेची खोली, कानांवर जड गोळे, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी आत बसताना हसलो होतो, म्हणालो होतो, हे म्हणजे माशाला पोहायला येतं का विचारण्यासारखं आहे. सुरुवातीला वरचे टिपटिप आवाज आले, बटण दाबलं, आले, दाबलं. मग थोडी शांतता झाली. मला वाटलं, यंत्र बदलतायत. मग जरा जास्त शांतता झाली. काचेपलीकडची मुलगी खाली बघून काहीतरी करत होती. मी लय पकडली. इतका वेळ किती अंतराने आवाज येत होते ते अंगात बसलंच होतं, त्या हिशोबाने मी बटण दाबत राहिलो, मोठ्या आत्मविश्वासाने, अगदी वेळेवर. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही बटण छान दाबलंत. पण त्यातला बराच वेळ आम्ही काहीच वाजवत नव्हतो." त्या हसल्या नाहीत. मग सांगितलं, साधारण माणसांचे वयाने वरचे स्वर जातात, तुमचे खालून चाललेत. डावा कान खालून जवळजवळ गेलाय, उजवा निघालाय. चक्कर येते का? येते. न्हाणीघरात दोनदा भिंत धरून उभा राहिलो होतो, बायकोला म्हणालो पित्त झालंय. कानात भरल्यासारखं होतं का? होतं. परत येईल का? त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "काय काम करता आपण?" मी म्हणालो, "दुकान आहे." कसलं ते सांगायला जीभ रेटेना.

घरी तो कागद मी हिवाळी कपड्यांच्या खाली ठेवला. जेवताना बायको मला बघत होती, हल्ली ती समोर बसत नाही, माझ्या उजव्या हाताला बसते, केव्हापासून बसायला लागली ते माझ्या लक्षात नाही. "काय म्हणाले?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मळ झाला होता. काढला." ती म्हणाली, "बरं झालं." माझ्या सासरच्या माणसांचं हे असंच आहे, दुसरा प्रश्न विचारत नाहीत. तिचा भाऊही तसाच. त्रेचाळीस वर्षांचा झालाय, डोक्यावरचे केस गेले, तरी आम्ही अजून त्याला गुंड्या म्हणतो. बावीस वर्षं माझ्याबरोबर आहे. वायर ओढायची, भोकं पाडायची, गिऱ्हाइकाला गोड बोलायचं, आणि मी ऐकत असताना श्वास रोखून उभं राहायचं, हे त्याचं काम. आमचं भांडण एकदाच झालं. त्याने कुठूनसा एक मापायचा माईक आणला, बोटाएवढा, तो लॅपटॉपला जोडला की पडद्यावर खोलीचा आवाज डोंगरदऱ्यांसारखा दिसतो. कुठे उंच, कुठे खड्डा. मी तो उचलला आणि सगळ्या दुकानासमोर विचारलं, "हे कुणासाठी? बहिऱ्यांसाठी?" तो लाल झाला. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. म्हटलं, "हे यंत्र माझ्या कामावर आणलंस तर बघ. लोक कानाला बोलावतात, रेघांना नाही." त्याने माईक डब्यात घातला, डबा कप्प्यात ठेवला, आणि पुन्हा त्याचं नावही काढलं नाही. मला वाटलं, जिरली. याला दोन वर्षं झाली.

त्याच सुमाराला मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. टेकडीच्या उतारावरचं घर, एक अख्खी भिंत काचेची, अशा घरात खर्ज बसवणं म्हणजे डोकेदुखी. मी दिवसभर रांगलो होतो. संध्याकाळी निघताना मला बरं वाटत होतं पण घरातल्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या "छान" म्हणाल्या. मग तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "काय जादू केलीत हो? मी काल रात्री एकटी बसून ऐकलं. अंगावर काटा आला. माझ्या वडिलांचा आवाज असा होता, छातीतून येणारा." फोनवर त्या रडत होत्या. मी दुकानात सगळ्यांना सांगितलं. जेवताना बायकोला सांगितलं. नंतर जो भेटेल त्याला सांगितलं, गेल्या आठवड्यापर्यंत सांगत होतो. डॉक्टरीणबाईंच्या जिन्यावरून उतरताना हेच एक मी हाताशी धरलं होतं. कान गेला तर गेला, पण त्या घरात तो होता. जे होतं ते कुणी काढून घेऊ शकत नाही. आणि वकिलांच्या बायकोने मला बोलावलं तेही त्याच घरामुळे, ती बाई हिची थोरली बहीण.

तर, चौथी फरशी. मी तिथून पुढे सरकलो, टेबलाखालून, ओट्याच्या कडेने, जिन्याच्या पायथ्याशी. गुडघे दुखत होते. सगळं लक्ष तळहातांत आणलं होतं. आंधळा माणूस बोटांनी वाचतो, मग मी का नाही, असं मी तीन आठवडे स्वतःला समजावत होतो. दुकान बंद करून मागच्या खोलीत जमिनीवर पालथा पडून सराव केला होता, गालाला फरशी लावून, आणि एकदा तिथेच मला रडू फुटलं होतं, मोठ्याने, कारण माझ्या रडण्याचाही खालचा भाग मला ऐकू येत नव्हता. जिन्यापाशी फरशी गप्प होती. दाराजवळच्या कोपऱ्यात मात्र ती चांगली धडधडत होती. मी तिथे फुली मारली. मग मेहुण्याला घेऊन मोठा डबा सोफ्यावरून उतरवून त्या फुलीवर नेला, आणि मी सोफ्यावर बसलो, पाय उघडे करून, टाचा जमिनीला टेकवून. "वाढव," मी म्हणालो. मेहुण्याने वाढवलं. "अजून." त्याने माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, अजून?" "तुला ऐकू येत नाही का?" मी खेकसलो. त्याने अजून वाढवलं. आता टाचांना लागलं, सोफ्याच्या लाकडातून माकडहाडाला लागलं, आणि कुठूनतरी, उजवीकडून, खरोखरच एक जाड, जुना, ओळखीचा आवाज आला. मला एवढा आनंद झाला की डोळे भरले. "हां," मी म्हणालो. "हा बघा. आता खोली बोलते."

वकीलसाहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. ओट्यामागच्या फळीवरचे पेले एकमेकांवर किणकिणत होते, ते मला स्वच्छ ऐकू येत होतं, वरचे आवाज अजून माझेच आहेत. वकिलीणबाईंनी एक हात पेल्यांवर आणि एक छातीवर ठेवला होता. "अहो, जरा जास्त होतंय का? मला धडधडल्यासारखं होतंय. आणि गाणाऱ्या बाई आत बुडाल्यासारख्या वाटतात." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घाबरलेला माणूस असाच चिडतो, हे मला तेव्हाही कळत होतं. "बाईसाहेब," मी म्हणालो, "तुम्ही इतकी वर्षं पातळ आवाज ऐकलात. कानाला सवय लागते पातळ ऐकायची. आता खरा आवाज आलाय तर जड वाटणारच." वकील लगेच बायकोला म्हणाले, "तुला कळतं की यांना कळतं?" त्या कानकोंड्या झाल्या. मलाही काहीतरी लागलं, कारण त्या खरं बोलत होत्या. हे मला ऐकून नव्हे, त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. "गाडीतून पातळ वायर घेऊन येतो," असं पुटपुटून मेहुणा खाली गेला. वकीलसाहेबांचा फोन वाजला, ते बोलत बोलत जिना चढून गेले. मी आणि वकिलीणबाई राहिलो. मी गाणं थांबवलं. त्यांनी मला चहा दिला आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. माझ्यावर रागावल्या नव्हत्या, उलट मलाच समजावल्यासारखं हसल्या.

"मी उगीच घाबरले," त्या म्हणाल्या. "ताईने मला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणाली, पहिल्या दिवशी घाबरू नकोस, पहिल्या दिवशी छाती दुखेल इतकं असतं. दुसऱ्या दिवशी तुमचे मेहुणे येतात ना, ते ठीक करतात."

मी म्हणालो, "हो." मी कप बशीत ठेवला. "ताईकडे कसं केलं होतं त्याने? काही सांगितलं का त्यांनी?"

"तो एवढासा माईक असतो ना त्यांच्याकडे, तो मध्ये उभा केला. तीन-चार तास होते म्हणे. डबा हलवला, मागचं बटण कमी केलं, पुन्हा मोजलं. आणि मग काय, ताई तर रडलीच. त्यांच्या शेजाऱ्यांकडेही तसंच झालं. तुमची पद्धतच आहे ना ही? पहिल्या दिवशी तुम्ही पाया घालता आणि मग ते बारीक काम करतात, असं ते म्हणाले ताईला." त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "घ्या ना."

मी बिस्कीट घेतलं आणि खाल्लं. कोरडं होतं. पद्धतच आहे. दोन वर्षं. म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या काचेच्या खोलीच्या कितीतरी आधी, न्हाणीघरातल्या पहिल्या चकरेच्याही आधी, मला स्वतःला काही कळायच्या आधी त्याला कळलं होतं. मी त्याला सगळ्या दुकानासमोर बहिऱ्यांसाठी का म्हणून विचारलं तेव्हा कळलं होतं का? तो लाल झाला होता तो अपमानाने नव्हे तर, देवा, माझी दया येऊन? मी एकेक घर आठवायला लागलो. दंतवैद्याकडची वरची खोली, तिथून चौथ्या दिवशी पत्र आलं होतं. नदीकाठचा तो म्हातारा, आधी कुरकुरला आणि मग आठवड्याने स्वतःच्या मित्रांना घेऊन दुकानात आला. मी प्रत्येक वेळी म्हणालो होतो, आवाज मुरायला वेळ लागतो. लोणच्यासारखा. लोक हसायचे, मला चतुर म्हणायचे. मुरत काही नव्हतं. माझ्यामागून एक माणूस जिने चढत होता, माझी फुली पुसत होता, माझा आवाज कमी करत होता, आणि खाली उतरून मला सांगत होता की बँकेत गेलो होतो, गोदामात गेलो होतो, बहिणीचं औषध आणायला गेलो होतो. बहिणीचं. म्हणजे माझ्या बायकोचं. ती उजव्या बाजूला बसते. मला उठून उभं राहायचं होतं पण खोली एका बाजूला हळूच कलली, मी टेबलाची कड धरली. टेकडीवरचं घर गेलं. शेवटचं तेवढंच होतं माझ्याजवळ, तेही त्या बाईने बिस्किटाबरोबर काढून नेलं, बिचारीला पत्ताही नव्हता. मला मेहुण्याचा राग यायला हवा होता. आला. इतका आला की दात दुखले. आणि त्याच्याच खाली, लाज वाटेल एवढी, मला त्याची गरज वाटली, लहान मुलाला गर्दीत वाटते तशी.

तो वायर घेऊन वर आला. त्याच्यापाठोपाठ वकीलसाहेबही जिन्यावरून उतरले, फोन खिशात घालत. मी उभा राहिलो. मला वाटलं होतं आवाज कापेल, पण नाही कापला.

"वकीलसाहेब, एक सांगायचंय. मला खालचा आवाज ऐकू येत नाही. डावा कान गेलाय, उजवा चाललाय, डॉक्टरचा कागद घरी आहे. सकाळपासून मी हातापायांनी ऐकतोय. हा डबा या खोलीत चुकीचा आहे की बरोबर, मला माहीत नाही."

वकील माझ्याकडे बघत राहिले. मला हलकं वाटलं, खरंच, कपडे काढून ठेवल्यासारखं. आणि मग मेहुणा हसला. मोठ्याने, खांदे हलवून, मी त्याला बावीस वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. "झालं सुरू!" तो म्हणाला. "साहेब, हे भावोजींचं ठरलेलं आहे. काम संपत आलं की गिऱ्हाइकाची फिरकी घेतात. समोरचा स्वतःच्या कानाने ऐकतोय की यांच्यावर विसंबून बसलाय, ते बघतात."

"गुंड्या," मी म्हणालो, "मी खरं सांगतोय."

"बघा! चेहरा कसा केलाय बघा," मेहुणा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. मागे दुकानात चार माणसं काम करतात, दोघांची मुलं शाळेत आहेत, पुढच्या दोन महिन्यांची घरं ठरलेली आहेत आणि ती सगळी कानासाठी ठरलेली आहेत. हे तो बोलला नाही.

वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. ते खदखदून हसले, माझ्या पाठीवर थाप मारली. "अहो, मला फसवता? तीस वर्षं लोकांचे कबुलीजबाब ऐकतोय. असा जबाब कोर्टात टिकत नाही. पुरावा सगळा उलट बाजूचा आहे! हिच्या बहिणीचं घर काय बहिऱ्याने लावलंय?" आणि बायकोकडे वळून म्हणाले, "तू म्हणालीस ना, जास्त होतंय? यांनी मुद्दामच वाढवलं होतं. तूच पास झालीस, मी नापास!" त्यांना हे फार आवडलं. वकिलीणबाईही हसायला लागल्या, सुटल्यासारख्या. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना कान हवा होता. मी बहिरा झालो तर त्यांनी बोलावलेला माणूस कोण, आलेला कोण, या घरात आज काय झालं, सगळंच पुन्हा मांडावं लागलं असतं, आणि एवढा वेळ कुणाला होता?

"आता चेष्टा पुरे," वकील म्हणाले. "सांगा. दोन छोटे की एक मोठा?"

मी मेहुण्याकडे बघितलं. सरळ नाही, टेबलाच्या काचेत तो दिसत होता तिथे. "मोठा," मी सावकाश म्हणालो. त्याची नजर खाली गेली, गळ्याची घाटी एकदा वर-खाली झाली. "मोठा," मी म्हणालो, "या खोलीला नको." नजर वर आली. "दोन छोटे घ्या." त्याचे खांदे उतरले. एवढं सोपं होतं. मी छोट्यातला एक डबा पायाने पुढे सरकवला आणि खडू घेऊन भिंतीच्या कडेने चालायला लागलो, सावकाश, डोकं एका बाजूला कलवून, जसा मी नेहमी चालतो तसा. लहानपणी आम्ही वस्तू लपवायचो आणि शोधणाऱ्याला लांब गेला की थंड, जवळ आला की गरम असं सांगायचो. खिडकीपाशी थंड. दाराच्या कोपऱ्यात, माझ्याच सकाळच्या फुलीवर, इतकं थंड की मी ती पायाने पुसली. जिन्याच्या पायथ्याशी, जिथे माझ्या तळहातांना काहीच लागलं नव्हतं, तिथे मेहुण्याने श्वास सोडला. मी तिथे फुली मारली. दुसरी समोरच्या भिंतीला, टेबलाच्या मागे. डबे ठेवले, वायर जोडली, गाणं पुन्हा लावलं. "वाढव," मी म्हणालो, आणि त्याचा हात बटणावर जिथे आपणहून थांबला तिथे म्हणालो, "बस."

मला काहीही ऐकू आलं नाही. गाणाऱ्या बाई होत्या, किणकिण होती, आणि त्याखाली रिकामं. पेले गप्प होते. वकिलीणबाई हळूहळू सोफ्यावर बसल्या, हात मांडीवर ठेवून. त्यांचा चेहरा बदलला, वयाने दहा वर्षं कमी झाल्यासारखा मऊ झाला. वकीलसाहेब उभेच राहिले, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, आणि या वेळी त्यांनी डोळे मिटले ते दाखवण्यासाठी नव्हते. मी दोघांकडे बघत होतो. खोलीत काहीतरी सुंदर चाललं होतं आणि मी दाराबाहेर उभा होतो. "वा," गाणं संपल्यावर वकील म्हणाले. "याला म्हणतात कान." मेहुणा म्हणाला, "भावोजींचं काम आहे, साहेब." त्याने उरलेली वायर हाताच्या पंज्यावरून कोपराला गुंडाळायला सुरुवात केली.

वकिलीणबाईंनी डोळे पुसले. "इतकं छान आज पहिल्यांदाच," त्या म्हणाल्या, आणि मग मेहुण्याकडे बघून अगदी सहज विचारलं, "म्हणजे मग उद्या तुम्हाला यायला नको ना?"

त्याचा हात थांबला. वायरचा एक वेढा कोपरावरून घसरून खाली लोंबला. त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग चहाच्या दोन कपांकडे, बिस्किटांच्या बशीकडे, आणि शेवटी माझ्याकडे. त्याला कळलं.

"नको," मी म्हणालो. "आता पहिल्याच दिवशी होत जाईल."

मेहुण्याचे ओठ हलले. त्याचा आवाज मुळातच खोल आहे, आणि तो हळू बोलला असणार. मला ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.